लाइनीतला पहिला मान

कस्तुरीला इंग्रजी येतं ह्याबद्दल माळेवाडीत कुणालाच शंका नव्हती. शंका होती ती एवढीच, की येऊन करायचं काय?

माळेवाडीची शाळा इंग्रजी पाचवीला संपायची. पुढं ज्याला शिकायचं त्यानं आगगाडीत बसून सांगली गाठायची. मुलगे गाठत. मुली पाचवीचा निकाल घेऊन घरी येत, आईला दाखवत, आणि आई म्हणे, "बरं झालं बाई, आता जरा पीठ मळायला घे." कस्तुरीनं मात्र सहावी सांगलीतच करायची असं ठरवून टाकलं होतं. आत्या सांगलीत होती, आत्याच्या घरात एक खोली मोकळी होती, आणि कस्तुरीच्या डोक्यात तर मोकळी जागा भरपूर होती. (हे शेजारच्या साळूबाईंचं मत. त्या पुढं येतीलच.) सगळं जमून आलेलं. अडलं होतं ते आज्जापाशी.

आज्जा म्हणजे आदगोंडा पाटील. गावची पाटीलकी त्यांची, म्हणून गावातला जो जो म्हणून पहिला मान असेल तो त्यांचा. यात्रेत पहिला नारळ त्यांचा. लग्नात पहिला विडा त्यांचा. बेंदराला, बैलांच्या सणाला, वेशीत बांधलेली पानांची कर तोडायची ती आधी त्यांच्या बैलांनी, मग बाकीच्यांनी. बाकीच्यांत दुसरं कोण, ह्यावरून दरसाल दोन डोकी फुटत. पण पहिलं कोण ह्यावरून कधी कुणाचा केससुद्धा वाकडा झाला नाही. देवळात घंटा असते, तसे पाटील पहिले असत.

तर त्या आज्जांनी एका संध्याकाळी अडकित्त्यात सुपारी धरली आणि निकाल दिला.

"दिपोटीसाब येनार हायती म्हनं शाळा तपासाय. त्यांच्यापुढं बोल तू विंग्रजीत. साबानं शाबास म्हटलं तर खुशाल जा सांगलीला. पर येक ध्येनात ठेव. त्या भाषणापायी गावातल्या येका जरी माणसाची तक्रार माझ्या दारात आली, तर सांगली न्हाई आन् बिंगली न्हाई. कळलं?"

कट् करून सुपारी फुटली.

कस्तुरी आनंदानं उडीच मारणार होती. गावाशी एका शब्दाचाही संबंध नसलेल्या इंग्रजी भाषणाबद्दल गावातला कोण तक्रार करणार? नदीतल्या माशानं डोंगरातल्या पायवाटेबद्दल करावी तशीच ती तक्रार! बिचारी. तिचं वय काय, अनुभव काय!

भाषणाला विषय काय घ्यावा ह्यावर हेडमास्तरांचं मत 'प्रामाणिकपणा' असं होतं. गेली कित्येक वर्षं दिपोट्यांपुढं प्रामाणिकपणाच होत आला होता. कस्तुरीला तो नको होता. तिनं शाळेची डिक्शनरी मागितली. हेडमास्तर ती डिक्शनरी पंच्यात गुंडाळून कपाटात ठेवत, आणि काढायच्या आधी हात धुवायला लावत. कस्तुरीनं हात धुतले, मधलंच कुठलंतरी पान उघडलं, आणि हबकली.

एक शब्द होता. चार इंग्रजी अक्षरांचा. लाइन. तेवढ्या शब्दानं अख्खं पान अडवलं होतं, ते पुरलं नाही म्हणून उलटून पुढचंही अर्धं घेतलं होतं. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, करत करत तो शब्द आपला चालतोच आहे! लाइन नावाच्या एकाच बाईला एवढी बिऱ्हाडं? कस्तुरीला पहिल्यांदा धक्का बसला तो इथं. दुसरा बसला तो घरी जाताना, रस्त्यात. कारण तिच्या ध्यानात आलं, की ही बाई नुसत्या डिक्शनरीत राहत नाही. ती माळेवाडीत राहायला येऊन कितीतरी वर्षं झाली आहेत, आणि कुणी तिच्याकडं वळून बघितलेलंसुद्धा नाही.

स्टेशनमास्तर म्हणतात, लाइन क्लिअर आल्याशिवाय गाडी सोडणार नाही. सुभेदार लालासाहेब म्हणतात, आमच्या पलटणीच्या लायनी बघाय पायजे हुत्या. जमादार सयाजी राहतो तालुक्याच्या पोलीस लाइनीत, आणि गावी येऊन-जाऊन असतो. रेशनच्या दुकानावर कृष्णात ओरडतो, लाइनीत उभं ऱ्हावा, न्हाईतर रॉकेल मिळायचं न्हाई. (लढाई संपली होती. रेशन काही संपलं नव्हतं.) आणि कस्तुरीचे वडील, जयपालआण्णा, हळदीचा व्यापार करीत. त्यांना कुणी धंदा विचारला की ते नम्रपणे सांगत, "आमी आपलं हळदीच्या लाइनीत."

झालं! भाषणाचा विषय घरोघरी फिरत होता. तो फक्त गोळा करायचा होता. हेडमास्तर आधी नाराज झाले, मग म्हणाले, "उदाहरणं गावातलीच दे. साहेबांना स्थानिक रंग आवडतो."

स्थानिक रंग! हा शब्द कस्तुरी पुढं बरेच दिवस विसरू शकली नाही.

ती घरोघर गेली. स्टेशनमास्तरांनी हिरवा बावटा काढून दाखवला आणि सांगितलं, की ही लाइन पुण्याहून निघते ती थेट मिरजेला टेकते, हिच्यापुढं बाकीच्या लायनी म्हणजे पाऊलवाटा. सुभेदारांनी ओट्यावरचे तांबे, फुलपात्री आणि एक झोपलेलं मांजर एका रांगेत मांडून पलटण कशी उभी राहते ते दाखवलं. मांजर उठून गेलं तेव्हा ते त्याच्यावर खेकसले, "भगोडा!" जमादारानं आधी मिशी पिळून विचारलं, "हे कोन इचारायला लावतंय? नाव सांग." शाळेसाठी आहे म्हटल्यावर तो विरघळला आणि म्हणाला, "मग आमची लाइन जरा वर घ्या."

"वर म्हंजे?"

"वर म्हंजे वर, पोरी. जमादार हाय मी."

कस्तुरीला ह्यात काही वावगं वाटलं नाही. इथंच ती चुकली.

शेजारच्या साळूबाई हे सगळं बघत होत्या. साळूबाई ही एक विद्या होती. गावात कुणाचं लग्न ठरलं, मोडलं, कुणाची गाय व्याली, ह्यावर त्यांचा सल्ला तयार असायचा, आणि तो मागायची वाट त्या बघत नसत. त्यांनी परसातल्या दोरीवर लुगडं पिळून टाकलं आणि कुंपणावरून मान काढली.

"काय गं, समद्या गावाला काय इचारत फिरतीस? आमाला न्हाई व्हय इचारायचं?"

कस्तुरीनं त्यांना शब्द सांगितला. मग गंमत म्हणून डिक्शनरीतला पहिला अर्थ सांगितला. तो होता, दोरी. साधी, पिळाची, कपडे वाळत घालायची दोरी.

साळूबाईंनी आपल्या दोरीकडं बघितलं. मग कस्तुरीकडं.

"येक नंबर? ही?"

"व्हय, काकू. इंग्रजांच्या पुस्तकात हिचा पहिला नंबर हाय."

"अगं बाई," साळूबाई म्हणाल्या, आणि दोरीवरचं ओलं लुगडं काढून त्यांनी ते दुसरीकडं, कुंपणावर टाकलं. मानाच्या दोरीवर असली कामं होत नसतात.

आता हेडमास्तरांचं अक्षर सुंदर होतं, आणि सुंदर अक्षराच्या माणसाला गप्प बसवत नाही. त्यांनी एक मोठा कागद घेतला, लाल आणि निळी शाई घेतली, आणि भाषणाचा तक्ता करून शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर लावला. लाइन ह्या शब्दाचे अर्थ. एक: दोरी, उदाहरण साळूबाईंची. दोन: पलटणीची रांग, उदाहरण सुभेदार लालासाहेब. तीन, स्टेशन. चार, रेशन. पाच, पोलीस. सहा, धंदा, उदाहरण जयपाल पाटील.

कस्तुरीनं तो तक्ता बघितला आणि तिला वाटलं, किती छान!

गावानं तो तक्ता बघितला आणि गावाला वाटलं, बेंदूर!

कारण माळेवाडीला नंबर ही गोष्ट मोजण्यासाठी असते हे ठाऊकच नव्हतं. माळेवाडीत नंबर म्हणजे मान. नारळाचा नंबर, विड्याचा नंबर, कर तोडायचा नंबर. आणि आता सरकारी शाळेच्या भिंतीवर, लाल शाईत, इंग्रजांच्या पुस्तकाच्या हवाल्यानं, गावाचे नवे मान लागले होते. त्यात पहिला मान होता साळूबाईंच्या लुगड्याच्या दोरीचा. आणि शेवटचा पाटलांच्या लेकाचा!

पाटील जैन, त्यांच्या घरी दिवस बुडायच्या आत जेवणं उरकतात हे अख्ख्या गावाला माहीत. म्हणून सगळे नेमके दिवस बुडायच्या आत आले. आज्जांनी भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि दारात सुभेदारांचे बूट वाजले.

"पाटील! दोन वर्सं बर्फात हुबा ऱ्हायलो मी. कशापायी? साळूबाईच्या धुण्याखाली नंबर लागाय?"

"सुभेदार, बसा की," जयपालआण्णा म्हणाले.

"तुमी बोलू नका, जयपाल. तुमचा नंबर सावा हाय."

आण्णांचा चेहरा असा झाला, जणू कुणीतरी भर बाजारात त्यांची हळद खोटी म्हटली असावी. बिचाऱ्यांनी कुणाचं काय वाईट केलं होतं? आजवर त्यांना कधी नंबरच नव्हता आणि ते सुखात होते. आता सहावा मिळाला आणि ते उद्ध्वस्त झाले.

पाठोपाठ जमादार आला. त्याचं म्हणणं सरळ होतं, पोलिसाच्या वर रेशन कसं? त्याच्या मागून कृष्णात आला. त्याचं म्हणणं आणखी सरळ होतं, रेशन न्हाई मिळालं तर पोलीस तरी जगंल का? स्टेशनमास्तर शिकलेले होते, म्हणून ते भांडले नाहीत. त्यांनी फक्त शांतपणे विचारलं, की गाडी आली नसती तर डिक्शनरी गावात पोचली कशी असती. आणि सगळ्यांच्या मागं, नवं लुगडं नेसून, नाकात नथ घालून साळूबाई उभ्या होत्या. त्यांची तक्रार अशी, की ही सगळी मंडळी येता-जाता त्यांच्या दोरीकडं वाकड्या नजरेनं बघतात.

कस्तुरी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तक्रारी मोजत होती. एक तक्रार आली तरी सांगली नाही, आणि इथं तक्रारी उंबरठ्यावर मावेनात!

आज्जांनी घास गिळला. सगळ्यांकडं बघितलं. मग तिच्याकडं.

"ऐकलंस?"

"आज्जा, पर नंबर मी न्हाई लावलं. पुस्तकातच..."

"पुस्तक माझ्या दारात आलं न्हाई. मानसं आल्यात." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "दिपोटी यायच्या दिसापातूर मुदत देतो. त्या सांजंला हितं कुनी तक्रार घिऊन आलं न्हाई, तर बघू. आलं, तर मग माझ्याकडं बघायचं न्हाई."

त्या संध्याकाळी कस्तुरीला जेवण गेलं नाही. सकाळपासून मात्र तिला सल्ले जेवायला मिळाले. हेडमास्तर म्हणाले, इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणं लाव. तर स्टेशनमास्तर सोडून सगळे बिघडले, कारण ती अक्षरं फक्त त्यांना वाचता येत होती. आण्णा म्हणाले, "माझं नावच काढ, पोरी, मला काय नगं." आई म्हणाली, त्यापेक्षा तोंड आल्याचं सांगून घरी ऱ्हा. साळूबाई म्हणाल्या, "बदलू नगस. साब येऊ दे. सरकारनं दिल्याला मान हाय."

उपाय सापडला तो गोठ्यात. आज्जांच्या गाडीचं चाक वंगणासाठी काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. कस्तुरी त्याच्याकडं बघत बसली, आणि बघता बघता ताडकन उठली. चाकाला पहिला आरा कुठला? कुठलाच नाही! चाकाच्या मधल्या तुंब्यावर शब्द लिहायचा, एकेका आऱ्याला एकेक अर्थ चिकटवायचा, आणि भाषण करताना चाक हळूहळू फिरवत ठेवायचं. वर कोण, खाली कोण, काही कळायचंच नाही! मध्ये नंबर नाही, टोकाला नंबर नाही. स्वतःच्या हुशारीनं कस्तुरी इतकी दिपली, की तिला गोठ्यात नाचावंसं वाटलं. बैलांनी पाहिलं, म्हणून राहिलं.

नानासो सुतारानं शाळेच्या पटांगणात ओटा होता त्यावर एक लाकडी घोडा रोवला, त्याला आस ठोकला आणि चाक चढवलं. चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ लागते. ती खीळ गोठ्यातून निघताना कुठंतरी पडली होती.

"दोरीनं आवळतो," नानासो म्हणाला. "काय न्हाई हुत. घट्ट दोरी पायजे फकस्त."

"दोरी?" साळूबाई मागंच उभ्या होत्या. "माझी घ्या की. येक नंबरची हाय."

दिपोटीसाहेब आले ते सकाळच्या गाडीनं. हेडमास्तरांच्या घरी त्यांना पुरणपोळीचं जेवण झालं, आणि वरून आग्रह झाला, आणि आग्रहावर तूप झालं. पटांगणात ते आले तेव्हा त्यांच्या गळ्यात हार होता आणि डोळ्यांत पुरण. आज्जांची खुर्ची अर्थातच पहिली, ओट्याच्या समोर. तिच्या शेजारी साहेब. मग सगळे उदाहरणवाले, मग गाव. पटांगणाला भिंत होती आणि बाहेर जायला एकच वाट, शाळा आणि रेशनचं दुकान ह्यांच्या मधला बोळ. त्या बोळात म्हैससुद्धा विचार करून शिरे. ओट्यावरून पटांगणात उतरायला फळ्यांचा उतार केला होता, साहेबांना चढताना त्रास नको म्हणून.

हेडमास्तरांचं स्वागतपर भाषण सुरू झालं. चाक उभं होतं. आणि उभ्या चाकाला, कस्तुरीच्या भोळ्या डोक्यात हे आलंच नव्हतं, एक वरचा आरा असतो!

त्या वेळी वर होतं रेशन. कृष्णात प्रसन्न होता. सुभेदारांना ते बघवेना. चाकाची जोडणी बघितल्यासारखं करत ते ओट्यावर गेले आणि चाक जरासं ढकलून आले. पलटण वर आली. लगेच जमादार पाणी प्यायला उठला. पाण्याचा माठ ओट्यामागं होता हे त्याचं भाग्य. तो परत आला तेव्हा पोलीस वर होते. स्टेशनमास्तरांनी घड्याळ काढलं, गाडीची वेळ बघितल्यासारखं केलं आणि तेही एक फेरी मारून आले. हेडमास्तर 'आमच्या शाळेचं भाग्य' म्हणत होते आणि त्यांच्या पाठीमागं गावाची अब्रू गरगर फिरत होती. प्रत्येक फेरीला दोरी थोडी थोडी सुटत होती. ओट्याच्या कोपऱ्यात उभ्या कस्तुरीला ते दिसत होतं. ती सांगायला गेली, पण तोंडात भाषणाचं पहिलं वाक्यच आलं. घशात इंग्रजी भरलेलं, मराठीला वाटच नाही!

शेवटी सुभेदार पुन्हा गेले. ह्या खेपेला त्यांना दोरी आडवी आली. त्यांनी ती बाजूला सारायला हात घातला.

"हात काढा!" बायकांतून साळूबाई कडाडल्या. "सुभेदार, माझ्या दोरीला हात लावायचं काम न्हाई!"

"बाई, ही दोरी पलटणीच्या आड येतीया."

"आडच यील! येक नंबर हाय तिचा! सोडा म्हनलं न्हवं!" आणि साळूबाई पदर खोचून ओट्यावर चढल्या, आणि त्यांनी दोरीचं दुसरं टोक धरून हिसका मारला.

गाठ सुटली.

चाक आसावरून सरकलं. टप् करून ओट्यावर उतरलं. क्षणभर स्वतःच्या पायावर उभं राहिलं, बेंदराला वेशीत बैल उभा राहतो तसं, समोरची कर बघत. मग त्यानं उतार घेतला.

"चाक आलं रं!"

कोण ओरडलं ते कधीच कळलं नाही. पुढं जे झालं ते कस्तुरीनं ओट्यावरून, उंचावरून, डोळे फाडून बघितलं. माळेवाडी पळाली, ओट्यावरचे हेडमास्तर आणि सुभेदारसुद्धा. जो तो त्या एकाच बोळाकडं. बोळ अरुंद, म्हणून एकामागून एक. फेटे, टोप्या, बूट, पायताणं. धडाधड, न ढकलता, न भांडता, एका सरळ रेषेत! सुभेदारांनी मांजरासकट मांडली नसेल अशी सुरेख लाइन! आणि त्या लाइनीच्या टोकाला, सगळ्यांच्या पुढं, धोतराचा सोगा मुठीत धरून...

कस्तुरीनं डोळे मिटले. उघडले. खरंच होतं.

पहिला मान मोडला नव्हता.

चाक बोळाच्या तोंडाशी पोचलं, दुकानाच्या पायरीला थडकलं, आडवं झालं आणि तिथंच पडलं. पण पुढच्याला मागच्याच्या पावलांचा आवाज ऐकू येत होता, त्याला वाटे चाकच येतंय. म्हणून ते पळतच राहिले. ते ओढ्यापाशी जाऊन थांबले म्हणतात, तेही ओढ्याला पाणी होतं म्हणून.

पटांगणात उरली तिघं. दोरी धरून साळूबाई, कस्तुरी, आणि आपल्या खुर्चीत, हाराखाली, दिपोटीसाहेब. चाक त्यांच्या कोपराजवळून गेलं होतं. जाताना त्यांची छत्री घेऊन गेलं होतं. साहेब झोपले होते. पायरीपाशी छत्री मोडल्याच्या आवाजानं ते जागे झाले, त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हां. चालू द्या."

आता काय करायचं? समोर पटांगणभर रिकामी सतरंजी. पण साहेब तर म्हणाले होते, चालू द्या. आणि तिच्या घशात जे इंग्रजी तुंबलं होतं ते एकदम सुटलं, चाक सुटलं तसं! ती बोलली. एका शब्दाला किती घरं असतात ते बोलली. दोरीचं बोलली तेव्हा साळूबाईंनी दोरी उंच धरली. रुळांचं, पलटणीचं, रेशनचं, पोलिसांचं, हळदीचं, सगळं बोलली. आणि कुणाला पुढं-मागं न करता बोलली, कारण पुढं-मागं व्हायला कुणी होतंच कुठं? शेवटी तिनं ऐन वेळी एक ताजं उदाहरण घातलं आणि बोळाकडं बोट दाखवलं. साहेबांनी वळून पाहिलं. बोळात पायताणं पडली होती, एकामागून एक.

"व्हेरी गुड!" साहेब म्हणाले. "शाबास! ही मुलगी पुढं शिकली पाहिजे." मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "पण गाव कुठं आहे?"

"उदाहरणाला गेलंय, साहेब," कस्तुरी म्हणाली.

दिवस बुडायच्या आत सगळे पाटलांच्या कट्ट्यावर जमले. कपड्यांना चिखल, चेहऱ्यांवर तक्रार. प्रत्येकाच्या ओठांवर आलेली. आज्जा भिंतीला टेकून बसले होते, आणि आज त्यांच्या हातात अडकित्ता नुसताच होता. कस्तुरी दारात उभी होती. तिला आत्याची ती रिकामी खोली स्पष्ट दिसत होती, आणि त्या खोलीचं दार हळूहळू लागत होतं.

"पाटील," सुभेदारांनी घसा साफ केला, "आज शाळंत जे झालं..."

"व्हय व्हय, सांगा," साळूबाई पायरीवर बसून म्हणाल्या. त्यांचं लुगडं तेवढं कोरडं होतं. "सांगा की समदं. पर आदी येक सांगा. पैलं कोन पळालं?"

कट्ट्यावरचा जो तो आपल्या कपड्यांवरचा चिखल खरवडायला लागला.

"म्या तर मागं हुतो," कृष्णात म्हणाला.

"मागं मी हुतो," जमादार म्हणाला. "बंदोबस्ताला."

"पलटणीत त्याला पळनं म्हनत न्हाईत," सुभेदार म्हणाले. "माघार म्हनत्यात. आन् माघारीत बी मी शेवटाला हुतो."

स्टेशनमास्तर म्हणाले, सगळी गाडी गेल्याशिवाय ते कधीच हलत नाहीत. आण्णा म्हणाले, आपला नंबर सहावाच होता, आणि ते सांगताना त्यांचा आवाज कित्येक दिवसांत पहिल्यांदा खणखणीत आला. म्हणजे बोळात सगळे शेवटी होते. मग पुढं कोण? एकाची नजर दुसऱ्याकडं गेली, दुसऱ्याची तिसऱ्याकडं, आणि सगळ्यांच्या नजरा, नको नको म्हणत, भिंतीकडं गेल्या. भिंतीला टेकलेला माणूस अडकित्त्याकडं बघत होता.

"पोरीला इचारा की," साळूबाई म्हणाल्या. "ती उंचावर हुती. तिनं बगितलं आसंल."

आज्जांनी मान वर केली. एवढे मोठे आज्जा! यात्रेत नारळ फोडणारे आज्जा! त्यांच्या डोळ्यांत कस्तुरीला जे दिसलं ते बघून तिला आजच्या सगळ्या धक्क्यांपेक्षा मोठा धक्का बसला. ते भ्याले होते. चाकाला भ्याले होते त्याच्यापेक्षा जास्त.

"आज्जा," ती म्हणाली, "मला नुसतं चाकच दिसत हुतं."

आज्जांनी श्वास सोडला. कनवटीची सुपारी काढली, अडकित्त्यात धरली आणि कट् करून फोडली.

"मग," ते कट्ट्यावरच्या मंडळींकडं बघत म्हणाले, "कुनाची काय तक्रार हाय?"

तक्रार करायची म्हणजे आपण कुठं होतो ते सांगावं लागणार. सुभेदार उठले. जमादार उठला. "छे छे, तक्रार कसली," म्हणत सगळे चिखलाचे पाय उचलून चालते झाले.

"जयपाल," आज्जा म्हणाले, "साबानं शाबास म्हटलंय म्हनं. माळ्यावरची ट्रंक काढ. पोरीची कापडं त्यात मावतात का बघ."

जूनमध्ये कस्तुरी सांगलीला निघाली. स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीपाशी गर्दी होती. सुभेदार कराडला निघाले होते, जमादार तालुक्याला, कृष्णात कोट्याच्या साखरेसाठी. पण गंमत अशी, की खिडकी उघडली तरी तिकीट काढायला कुणी जाईना. त्या दिवसापासून माळेवाडीत पहिला नंबर घ्यायला माणसं कचरत.

"तुमी व्हा की फुडं, सुभेदार."

"आमची काय घाई न्हाई. जमादार, तुमी."

"आरं गाडी यील!" आतून स्टेशनमास्तर ओरडले. "कुणीतरी या!"

मग गर्दीनं सवयीनं वाट केली. "पाटील, तुमी या."

आज्जा एक पाऊल पुढं आले. थांबले. मग त्यांनी कस्तुरीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला त्या मोकळ्या वाटेनं पुढं सारलं.

"आज पोरगी फुडं."

कस्तुरी खिडकीपाशी गेली. "एक सांगली," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा कापला. मागं वळून बघते तर तिच्या पाठीशी सगळे आपोआप उभे राहिलेले, एकामागून एक, आणि जन्मात पहिल्यांदा दुसऱ्या नंबरवर आदगोंडा पाटील.

ते जरा खाकरले.

"चल गं, चल," ते म्हणाले. "मागं मानसं खोळंबल्यात."